संगणकावर चालते, मग टीव्हीवर का अडते?

गावातल्या शाळेत टीव्ही असतो, त्याच्या खालच्या फळीवर जुना डीव्हीडी प्लेअर असतो, दोन्ही चालू स्थितीत असतात. पण त्यांवर लावण्यासारखे काही नसते. विकत मिळणाऱ्या चकत्यांतली झाडे, पिके, माणसे भलत्याच मुलखातली. पुण्यात १९८४ साली सुरू झालेल्या बालचित्रवाणीने मराठी मुलांसाठी बरेच कार्यक्रम केले, पण ती संस्थाही २०१७ मध्ये बंद झाली. मग एखादा उत्साही शिक्षक ठरवतो, की आपणच चित्रण करावे आणि आपणच चकती तयार करावी. चित्रण मोबाइलवर होऊन जाते. गाडी अडते ती पुढे, मोबाइलमधले चित्रण डीव्हीडीच्या साच्यात बसवताना.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांना शिक्षणातले असे प्रयोग नवे नाहीत. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा 'डिजिटल शाळा' म्हणून राज्यभर ओळखली गेली. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा भरू लागली आणि साठी ओलांडलेल्या बायका दप्तर घेऊन अक्षरे गिरवायला बसल्या. आजी शिकू शकतात, तशा त्या शिकवूही शकतात. शहापूरच्या बाजूच्या एका शिक्षकांनी नेमके हेच हेरले. पावसाळ्याच्या तोंडाला रानात उगवणाऱ्या भाज्या कशा ओळखायच्या, कशा निवडायच्या आणि शिजवायच्या, हे पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांकडून वदवून घेऊन त्यांनी ४८ मिनिटांचे चित्रण जमवले. लहानमोठे २४ तुकडे होते. शाळेतल्या जुन्या संगणकावर लिनक्स होते. त्यावर त्यांनी स्वतः चकती तयार केली आणि किन्हवलीमार्गे एसटीने मुरबाड तालुक्यातल्या एका शाळेत पाठवली. त्या वस्तीत मोबाइलचे जाळे धड पोचत नाही, म्हणून चकतीच बरी.

तिकडून तीन तक्रारी आल्या. पाऊस सुरू होतो त्या दृश्याशी चकती अडते. शेवळ्याच्या भाजीच्या भागात आवाज चित्राच्या मागे राहतो. आणि काही ठिकाणी आजीबाई फारच रुंद दिसतात. त्यांतली पहिली तक्रार अधिक चक्रावणारी होती, कारण तीच चकती शहापूरच्या संगणकावर लावली की पावसासकट सुरळीत चालत होती. शिक्षकांनी ते काम मला दाखवले तेव्हा तिन्ही दोषांची कारणे वेगवेगळी निघाली. ती पाहताना डीव्हीडीच्या पोटात काय चालते तेही कळते, म्हणून हा लेख.

पाच मिनिटांची चकती

आधी थोडे गणित करू. आपल्याकडच्या, म्हणजे पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्राची प्रत्येक चौकट ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपक्यांची असते. अशा २५ चौकटी दर सेकंदाला डोळ्यांपुढून जातात. प्रत्येक ठिपक्याचा उजेड नोंदवायला ८ बिट लागतात. रंगाच्या बारकाव्यांत आपला डोळा कच्चा असल्याने चार ठिपक्यांत मिळून रंगाची एकच नोंद ठेवतात. ती दर ठिपक्यामागे ४ बिटांची भरते. एकूण झाले १२ बिट. गुणाकार केला तर एका सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख बिट होतात. साध्या एकपदरी डीव्हीडीवर मावतात ४७० कोटी बाइट, म्हणजे ३,७६० कोटी बिट. भागाकार करा: चित्र जसेच्या तसे ठेवले तर चकती ३०२ सेकंदांत, म्हणजे पाच मिनिटांत संपेल!

तरीही त्याच चकतीवर दोन तासांचा चित्रपट मावतो, कारण चित्र दाबून ठेवलेले असते. हे दाबणे दोन प्रकारे होते. पहिला प्रकार एकाच चौकटीच्या आत. चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनातला उजेडाचा चढउतार संथ आणि जलद अशा लाटांच्या मिश्रणात मांडायचा. जलद लाटा म्हणजे अगदी बारीक तपशील. त्या डोळ्याला फारशा जाणवत नाहीत, म्हणून त्या ढोबळपणे नोंदवल्या तरी चालते. ही गणिती रीत बंगळूरला जन्मलेले अभियंते नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केली. जगातल्या जवळजवळ प्रत्येक छायाचित्राच्या आणि चित्रफितीच्या फाइलमागे आज हीच रीत किंवा तिची भावंडे आहेत. आपल्या पाठ्यपुस्तकांत या नावांना जागा मिळायला हवी असे मला नेहमी वाटते.

दुसरा प्रकार चौकटी-चौकटींमधला. फळ्यासमोर उभे राहून तुम्ही शिकवत आहात असे चित्रण घ्या. एका चौकटीपासून पुढच्या चौकटीपर्यंत फळा बदलत नाही, भिंत बदलत नाही. तुमचा हात तेवढा हलतो. मग फळा पुन्हा पुन्हा कशाला लिहायचा? एक चौकट संपूर्ण लिहायची आणि पुढच्या काही चौकटींत फक्त काय हलले आणि कुठे गेले एवढेच लिहायचे. पालच्या डीव्हीडीत संपूर्ण चौकट निदान दर १५ चौकटींमागे एकदा यावी असा नियम आहे. त्यामुळे पुढे-मागे उडी मारली तरी प्लेअरला चित्र लवकर जुळवता येते.

आता पावसाकडे येऊ. सागाच्या पानांवर सरी कोसळत आहेत, प्रत्येक पान वेगळे हलते आहे, थेंबांच्या रेघा दर चौकटीत नव्या ठिकाणी. 'मागच्यासारखेच' असे म्हणण्याजोगे जवळजवळ काहीच उरत नाही. दाबणाऱ्या प्रोग्रॅमच्या दृष्टीने याहून कठीण दृश्य सापडणे अवघड. फळ्यापुढचा शिक्षक थोडक्या बिटांत भागतो. पाऊस भरमसाट बिट खातो.

टाकी आणि नळ

प्लेअरमध्ये चित्र उलगडणाऱ्या भागाच्या आधी एक छोटी टाकी असते. पाण्याची नव्हे, बिटांची. चकतीवरून वाचलेले बिट नळासारखे या टाकीत पडत राहतात आणि दर चौकटीला, म्हणजे सेकंदाला २५ वेळा, त्या चौकटीपुरते बिट एकदम उपसले जातात. डीव्हीडीच्या मानकात या टाकीचे माप ठरलेले आहे: १८,३५,००८ बिट, म्हणजे जेमतेम २२४ किलोबाइट. नळाचा वेगही ठरलेला आहे: चित्र, आवाज आणि बाकी सगळे मिळून सेकंदाला जास्तीत जास्त १ कोटी ८० हजार बिट, त्यात एकट्या चित्राला जास्तीत जास्त ९८ लाख. एखादी चौकट उपसायची वेळ आली आणि टाकीत तेवढे बिट जमलेलेच नसले, तर चित्र थांबते. काही प्लेअर तिथून सावरतात, काही तिथेच बसतात. भातसा आणि तानसा उशाशी असून उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या पाड्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. धरणात पाणी किती आहे हा प्रश्न वेगळा; हंडा भरायच्या वेळी नळाला किती येते हा वेगळा.

शिक्षकांनी केलेला हिशेब धरणाचा होता. चकतीवर ३,७६० कोटी बिट मावतात, चित्रण ४८ मिनिटांचे म्हणजे २,८८० सेकंदांचे, तेव्हा सेकंदाला १ कोटी ३० लाख बिट वापरता येतील. पण मानकाची मर्यादा ९८ लाखांची आहे, तर आपण ९८ लाखच घेऊ, म्हणजे चित्र सर्वांत चांगले येईल. यात गुणाकार-भागाकाराची चूक कुठेही नाही. पण आवाजासाठी सेकंदाला ४ लाख ४८ हजार बिट दिले होते, ते मिळवून पाहा: ९८,००,००० अधिक ४,४८,००० म्हणजे १,०२,४८,०००. नळाची क्षमता १,००,८०,०००. बेरीजच मर्यादेबाहेर गेली. शिवाय ९८ लाख ही सरासरी मागितली होती. सरासरीच कमाल मर्यादेला टेकवली तर पावसासारख्या दृश्यासाठी टाकी आधी भरून ठेवायला सवडच राहत नाही.

मग संगणकावर ती चालत का होती? कारण संगणकाची टाकी २२४ किलोबाइटची नसते. त्याच्याकडे शेकडो मेगाबाइट स्मृती मोकळी असते. तो आगाऊ वाचून ठेवतो आणि मर्यादा ओलांडली तरी त्याला पत्ता लागत नाही. म्हणून डीव्हीडीच्या बाबतीत 'संगणकावर चालते' हा पुरावा फार कच्चा समजावा.

चित्रण दाबण्यासाठी त्यांनी वापरलेला प्रोग्रॅम होता एफएफएमपेग. फ्रान्सच्या फाब्रिस बेलार यांनी तो २००० साली सुरू केला. तो मुक्त आहे आणि जुन्या संगणकावरही चालतो. त्यात बटणे नसतात, आज्ञा टंकून द्यायची असते. (ती अर्थातच रोमन अक्षरांत, इथे मी उच्चारांवरून सांगतो आहे.) काम चालू असताना त्याने पडद्यावर दोन वाक्ये पुन्हा पुन्हा छापली होती. 'बफर अंडरफ्लो', म्हणजे टाकी कोरडी पडते आहे. आणि 'पॅकेट टू लार्ज, इग्नोरिंग बफर लिमिट्स', म्हणजे एवढा मोठा घास मावत नाही, तेव्हा मर्यादेकडे दुर्लक्ष करून पुढे जातो. प्रोग्रॅमने सगळे सांगितले होते, पण थांबला नव्हता, फाइल पुरी करून दिली होती. काम थांबवणारी चूक आपण वाचतो, कारण नाइलाज असतो. न थांबता दिलेला इशारा शेकडो ओळींबरोबर वर सरकून जातो. माझ्या मते दोन्हींत तापदायक हा इशाराच, कारण त्याचे फळ तीस किलोमीटरवरच्या दुसऱ्याच माणसाला मिळते.

उपाय साधा होता. एफएफएमपेगला 'टार्गेट' असे लिहून पुढे 'पाल-डीव्हीडी' सांगितले की तो सगळी मापे स्वतः लावतो: चौकटीचा आकार, सेकंदाला २५ चौकटी, १५ चौकटींचा नियम, २२४ किलोबाइटची टाकी, चित्रासाठी सरासरी ६० लाख आणि जास्तीत जास्त ९० लाख बिट, आवाजाचे ४८ हजार नमुने. ६० आणि ९० यांमधले अंतर हीच पावसासाठी ठेवलेली सवड. ४८ मिनिटांचे काम सुमारे २३२ कोटी बाइटांत बसले. चकती निम्मी रिकामी राहिली, पण त्याची हळहळ करू नये. जिथे चित्रण दीड-दोन तासांचे असते तिथे मात्र धरणाचा हिशेबही करावाच लागतो: १२० मिनिटांसाठी आवाज धरून सेकंदाला ५२ लाखांच्या आतच राहावे लागेल.

काय टाकायचे आणि काय ठेवायचे

दुसरी तक्रार वरवर किरकोळ वाटेल. आवाज थोडा मागे राहिला तर बिघडले कुठे? पण दृश्य शेवळ्याचे होते. शेवळे ज्यांनी खाल्ले आहे त्यांना ठाऊक असते, की ते नीट निवडले नाही तर घसा खवखवतो. आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकायचा आणि खाज मारण्यासाठी भाजीत काकडाची फळे घालायची. चित्रणात आजी एकेक भाग हातात धरून सांगत होत्या. आवाज मागे पडल्यामुळे 'हे टाकून द्यायचं' हे शब्द ऐकू येत तेव्हा पडद्यावर निवडलेले तुकडे कढईत पडत असत. रानभाजीचा पाठ उलटा होऊन बसला होता.

आवाज आणि चित्र यांची फारकत दिसली की पहिला प्रश्न विचारावा: अंतर सुरुवातीपासून सारखे आहे, की वाढत जाते? सारखे असेल तर दोघांपैकी एक उशिरा सुरू झाला आहे. तेवढे सेकंद सरकवले की झाले. वाढत असेल तर दोघांची घड्याळे वेगळ्या गतीने चालतात, आणि कितीही सरकवले तरी ते एकाच क्षणी जुळेल. इथे तिसरीच गंमत होती. दहा मिनिटांच्या त्या तुकड्यात पहिली चार मिनिटे, म्हणजे अंगणातले चित्रण, नीट जुळत होते. आजी घरात चुलीपाशी गेल्या आणि अंतर वाढू लागले.

घरात अंधार, हेच कारण. मोबाइल सेकंदाला ३० चौकटी घेतो असे आपण म्हणतो, पण ते पुरेशा उजेडात. उजेड कमी झाला की तो प्रत्येक चौकटीला प्रकाश घ्यायला जास्त वेळ देतो आणि सेकंदाला कमी चौकटी घेतो. कधी ३०, कधी २४. मात्र प्रत्येक चौकट नेमकी कोणत्या क्षणाची आहे याची नोंद तो फाइलमध्ये ठेवतो. संगणकावर मूळ फाइल लावली तर ती या नोंदीप्रमाणे चालते, म्हणून तिथे दोष दिसत नाही. शिक्षकांनी कोणा जाणकाराच्या सल्ल्याने चित्र आणि आवाज आधी वेगळे केले होते आणि शेवटी पुन्हा जोडले होते. वेगळे करताना क्षणांच्या नोंदी गळून पडल्या आणि जोडताना प्रोग्रॅमने सगळ्या चौकटी सेकंदाला ३० या दराने मांडल्या. चुलीपाशी सरासरी २९ चौकटी आल्या असे धरू. सहा मिनिटांत १०,४४० चौकटी झाल्या. त्या सेकंदाला ३० या दराने ३४८ सेकंदांत संपतात. आवाज मात्र ३६० सेकंद चालतो. बारा सेकंदांची तफावत! भाजी कढईत पडायला तेवढा वेळ पुरतो.

म्हणून चित्र आणि आवाज वेगळे न करता मूळ फाइल एकदमच एफएफएमपेगच्या हवाली करावी. तो क्षणांच्या नोंदी पाहतो आणि सेकंदाला नेमक्या २५ चौकटी व्हाव्यात म्हणून कुठे एखादी चौकट गाळतो, कुठे एखादी दोनदा वापरतो. डोळ्याला ते सहसा कळत नाही.

तिसऱ्या तक्रारीचे उत्तर दोन ओळींचे आहे. काही तुकडे मोबाइल उभा धरून घेतले होते, आणि उभे चित्र आडव्या चौकटीत ताणून बसवले की माणसे रुंद होतात. ताणण्याऐवजी दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवायच्या. सोळास नऊ प्रमाणाच्या पडद्यावर उभ्या चित्राला ७२० पैकी साधारण २२८ ठिपके रुंदी येते. हे २२८ कसे आले, ते प्रमाणाचा धडा शिकलेल्या विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावे. डीव्हीडीचे ठिपके चौरस नसतात हे लक्षात आले की मजा येते. यापुढे मोबाइल आडवा धरावा हे सांगायला नकोच.

दाबलेल्या चित्रणाला डीव्हीडीची मांडणी देणारा प्रोग्रॅम वेगळा, डीव्हीडीऑथर. त्याच्या नव्या आवृत्त्या तुम्ही पाल की एनटीएससी हे स्पष्ट सांगितल्याशिवाय पुढे जात नाहीत. नवशिक्यांना त्याचा राग येतो. मला तो प्रोग्रॅम सभ्य वाटतो: काय हवे ते सांगतो आणि मिळेपर्यंत थांबतो. एनटीएससी ही अमेरिका-जपानची पद्धत, सेकंदाला सुमारे ३० चौकटींची. ती चकती फक्त पाल जाणणाऱ्या जुन्या टीव्हीवर लावली तर चित्र कृष्णधवल दिसते किंवा वरखाली फिरत राहते.

कठीण मिनिट

शिक्षकांनी चकती लिहिण्यापूर्वी चाचणी घेतली नव्हती असे नाही. पहिल्या मिनिटाचा तुकडा करून त्यांनी तो आपल्या प्लेअरवर पाहिला होता. पण पहिल्या मिनिटात काय होते? शाळेची पाटी आणि प्रास्ताविक. अशा दृश्याला बिट लागतात थोडे आणि एका मिनिटात घड्याळे फारशी फाकत नाहीत. चाचणीचा नमुना निवडायचा तर पावसाचे एक मिनिट आणि चुलीपाशी संपणारा अख्खा तुकडा निवडायला हवा. या दोन्हींची छोटी चकती करून मुरबाडच्याच प्लेअरवर लावली आणि ती तिथे चालली, तेव्हाच पूर्ण काम हाती घेतले. एका वेळी एकच गोष्ट बदलली: आधी बिटांचा दर, मग जोडणीची रीत, मग पट्ट्या. तिन्ही एकदम बदलून चकती चालली असती, तरी कोणत्या बदलाने कोणता दोष गेला हे कळले नसते.

आज्ञा टंकून काम करण्याचा एक फायदा इथे दिसतो. बटणे दाबून केलेले काम आठवावे लागते. टंकलेली आज्ञा फाइलमध्ये जशीच्या तशी राहते. तिच्याबरोबर प्रोग्रॅमचे पडद्यावरचे सगळे बोलणेही फाइलमध्ये उतरवून घेता येते आणि त्यात 'अंडरफ्लो' हा शब्द किती वेळा आला ते शोधता येते. आधीच्या नोंदीत तो पानोपानी होता. ६० लाखांच्या नोंदीत एकदाही आला नाही. ही प्रयोगवहीच आहे, आणि अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना ती ठेवायला लावावी.

चकती लिहिताना कमी वेग निवडावा. चित्रणाची फाइल नुसती चकतीवर उतरवू नये. डीव्हीडीऑथरने तयार केलेली ठरावीक नावांची फोल्डरेच जुना प्लेअर ओळखतो. लिहून झाल्यावर चकती पुन्हा वाचून मूळ फाइलशी ताडून पाहावी. तिच्यावर कागदी लेबल चिकटवू नये. चकतीसाठी मिळणाऱ्या मऊ टोकाच्या पेनाने लिहावे, आणि उन्हात ठेवू नये, कारण लिहिण्याच्या चकतीतला रंगाचा थर प्रकाशाने खराब होतो.

मोबाइलमध्ये जागा नाही म्हणून, आता चकती झालीच आहे तर मूळ तुकडे पुसावेत, असे शिक्षकांच्या मनात होते. डीव्हीडी हे दाबलेल्याला पुन्हा दाबून केलेले रूप आहे. तिच्यातून मूळ चित्रण परत मिळत नाही, आणि आवाज मागे पडलेल्या त्या पहिल्या चकतीवरून आजींचा पाठ सरळ करणे तर फार जिकिरीचे झाले असते. बोलणाऱ्यांपैकी दोघे आता हयात नाहीत. चोवीसही तुकडे दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवले, त्यांबरोबर आज्ञांची फाइल ठेवली, आणि एक डिस्क शहापूरच्या शाळेत राहिली, दुसरी मुरबाडला गेली.